झाशीला वेढा घालणारी फौज मुंबई इलाख्याची होती

शीवकरीण

राणी लक्ष्मीबाईंचं नाव मुंबईकराच्या रोजच्या तोंडातलं आहे. शीवला त्यांच्या नावाचा चौक आहे, बेस्टच्या पाट्यांवर ते नाव शहरभर फिरतं. पण झाशीवर चालून गेली ती फौज कुठली होती, असं विचारलं तर बहुतेक जण "इंग्रजांची" एवढं सांगून थांबतात. ती इंग्रजांची होतीच. पण ती बहुतांशी आपल्या मुंबई इलाख्याच्या लष्करातून उभी केलेली होती, हे मात्र फारसं कोणी बोलत नाही. त्यासाठीच हा धागा काढते आहे.

सर ह्यू रोज याने डिसेंबर १८५७ मध्ये इंदूरला या फौजेची सूत्रं घेतली. नाव 'सेंट्रल इंडिया फील्ड फोर्स'. एक ब्रिगेड महूहून, दुसरी सिहोरहून निघाली. गोऱ्या पलटणी होत्या, हैदराबाद कंटिंजंट होती, मद्रासचे सॅपर (सुरुंग, खंदकांची कामं करणारे शिपाई) होते, आणि २४वी व २५वी बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री, म्हणजे देशी पायदळ, हीही होती. मुंबईच्या पलटणींत परदेशी, म्हणजे अवधकडचे शिपाई बरेच असत हे खरं. पण कोकण आणि देशावरची भरतीही मोठी होती. म्हणजे तटाच्या आत राज्य करणारं घराणं मूळचं रत्नागिरीकडच्या कोट गावचं, नेवाळकरांचं, आणि तटाबाहेर बंदूक घेऊन उभे असलेल्यांतही कोकणातली माणसं. तटावरून आलेली मराठी हाक त्यांच्यातल्या कितीतरी जणांना कळली असती.

दुसरी गोष्ट. आपण बाईंना त्यांच्या मरणावरून ओळखतो. घोडा, पाठीशी बांधलेलं मूल, हातात तलवार. पुतळा त्याचाच होतो. पण जून १८५७ ते मार्च १८५८ या दहा महिन्यांत त्यांनी एक अख्खं संस्थान चालवलं, ते कुठल्याच पुतळ्यात दिसत नाही. जूनमध्ये छावणीतल्या शिपायांनी उठाव केला, ८ जूनला जोखनबागेत इंग्रज बायकामुलांसह कापले गेले, शिपाई पैसे उकळून दिल्लीकडे निघून गेले आणि मागे उरलं ते बेवारशी राज्य. बाईंनी सागरच्या कमिशनरला पत्रं पाठवली, त्याने कारभार तुम्हीच पाहा असं कळवलं. लगेच नेवाळकरांच्याच भाऊबंदांपैकी सदाशिवरावाने करेऱ्याचा किल्ला घेऊन स्वतःला राजा म्हणवलं. त्याला पकडून आणलं. मग शेजारच्या ओरछा संस्थानाचा दिवाण नथेखान फौज घेऊन झाशीच्या वेशीवर आला. त्यालाही परतवलं. हे सगळं एका विधवा बाईने केलं, जिचं सैन्य तीन वर्षांपूर्वी राज्य खालसा होताना मोडून टाकलेलं होतं. तोफा जमिनीत पुरलेल्या होत्या, त्या उकरून काढून पुन्हा बुरुजांवर चढवाव्या लागल्या.

आणि ह्यू रोज येतोय हे कळल्यावर त्यांनी झाशीभोवतालचं रान साफ करून टाकलं. चारा नाही, धान्य नाही, सावलीला झाड नाही. मार्चअखेरचं बुंदेलखंडातलं ऊन ज्यांनी अनुभवलंय त्यांना या डावाची किंमत कळेल. तो डाव फसला, कारण ओरछाने आणि ग्वाल्हेरच्या शिंदे दरबाराने इंग्रजांना रसद पुरवली. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त लागतं ते हे.

जाणकारांनी भर घालावी.

मोडीवाचक

शीवकरीणताई, योग्य वेळी धागा काढलात. तटाच्या आतलं चित्र हवं असेल तर विष्णुभट गोडसे वरसईकर. पेण तालुक्यातल्या वरसईचा हा गरीब भिक्षुक ब्राह्मण. मथुरेला ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार म्हणून दक्षिणेच्या आशेने निघाला आणि बंडाच्या ऐन वणव्यात सापडला. वेढ्याच्या वेळी तो झाशीत होता. पुढे म्हातारपणी त्याने 'माझा प्रवास' लिहिला, १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी तो छापला.

त्याची मोठी शक्ती म्हणजे त्याला कोणाची बाजू लढवायची नाही. त्याला दक्षिणा मिळवून, गंगेची कावड घेऊन आईवडिलांकडे परत जायचंय. त्यामुळे तो जे दिसतं ते सांगतो. कुलपी (आत दारू भरलेले, पडल्यावर फुटणारे) गोळे रात्री आकाशातून येताना कसे दिसत, ते फुटले की गल्लीत काय होई, बाईसाहेब स्वतः फिरून बंदोबस्त कसा पाहत. शहर पडल्यावर जे झालं त्याला तो 'बिजन' म्हणतो. सरसकट कत्तल. घरात, विहिरीत, गवताच्या गंजीत लपलेली माणसं शोधून मारली. आधी सोनंनाणं, मग भांडी, मग कपडे, मग धान्य, अशी पाळीपाळीने लूट. राजवाड्यातला पोथ्यांचा संग्रहही गेला.

एक प्रसंग मात्र मला कायम अस्वस्थ करतो. झाशी पडल्यानंतर काल्पीच्या वाटेवर, एका विहिरीपाशी विष्णुभटाची आणि राणीची गाठ पडते. पठाणी वेश, अंगभर धूळ, चेहरा उतरलेला, तहानेने जीव कासावीस. विष्णुभट पाणी काढून द्यायला पुढे होतो तर त्या म्हणतात, तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढते. मातीच्या भांड्याने पाणी काढून ओंजळीने पितात. आणि सांगतात की मी अर्ध्या शेर तांदळाची धनीण, मला विधवाधर्म सोडून हा उद्योग करायची काही गरज नव्हती, धर्माच्या अभिमानाने यात पडले.

अर्धा शेर तांदूळ. सालाला साठ हजारांचं पेन्शन देऊ केलेल्या बाईचे हे शब्द आहेत.

केतकी_मुलुंड

वाचतेय. हा विहिरीचा प्रसंग माहीतच नव्हता. अंगावर काटा आला.

दापोलीकर

ताई, तुमचा पहिला परिच्छेद वाचून उठलो आणि कपाट उघडलं.

आमचं मूळ गाव दापोलीजवळ. कॅम्प दापोली म्हणतात ते उगाच नव्हे, पलटणीतून निवृत्त झालेल्या शिपायांची ती वस्ती होती. आमच्या घरात एक चांदीचं पदक पिढ्यान्‌पिढ्या आहे. लहानपणी दसऱ्याला शस्त्रांबरोबर त्याचीही पूजा व्हायची. आजोबा म्हणत, "पणजोबांच्या वडिलांना राणी सरकारने दिलं." आम्ही मुलं समजायचो की झाशीच्या राणीनेच दिलं.

आता भिंग लावून नीट पाहिलं. एका बाजूला व्हिक्टोरियाचं मुंडकं. दुसऱ्या बाजूला हातात पुष्पचक्र घेतलेली बाई, तिच्यामागे सिंह, वर इंडिया आणि खाली १८५७-१८५८. अडकवायच्या दांडीखाली एक आडवी पट्टी, तिच्यावर 'सेंट्रल इंडिया' असं कोरलेलं. फीत नाही, ती केव्हाच गेली. मधली अक्षरं हात फिरून फिरून गुळगुळीत झाली आहेत.

ही पट्टी म्हणजे झाशीच का? कोणी सांगेल?

घोडदळ_वाचक

दापोलीकर, हे १८५७च्या बंडाचं पदक आहे. त्याला पाच पट्ट्या होत्या. दिल्लीची एक, लखनौच्या तीन, आणि पाचवी सेंट्रल इंडिया. झाशी, काल्पी, ग्वाल्हेर आणि त्या भागातल्या इतर लढाया, सगळ्यांना ही एकच पट्टी. त्यामुळे तुमचे पूर्वज ह्यू रोजच्या फौजेत असतील किंवा राजपुतान्याकडून आलेल्या तुकडीत. पदकाची कड फिरवून पाहा. शिपायाचं नाव आणि पलटण कडेवर कोरलेली असते. पलटण कळली की पुढचं सगळं कळेल.

रोखठोक_ठाणे

विषय महत्त्वाचा आहे म्हणून स्पष्ट विचारतो. राणीने जून ५७ नंतर इंग्रजांना पत्रं लिहिली, आपण त्यांच्या वतीने कारभार पाहतोय असं कळवलं. फेब्रुवारी-मार्चपर्यंत तडजोडीची आशा होती असं दिसतं. मग परकीय आक्रमणाविरुद्ध देह ठेवणारी राणी ही आपण नंतर चढवलेली झूल नाही का? त्यांचा लढा दत्तक मंजूर करून घेण्याचा होता, राज्यासाठी होता. यात त्यांचा अपमान करायचा हेतू अजिबात नाही.

फोर्टातला_वकील

प्रश्न रास्त आहे, पण दत्तकाचं प्रकरण "फक्त राज्यासाठी" म्हणून बाजूला टाकता येत नाही. जरा मागे जाऊ.

पेशव्यांनी बुंदेलखंडावरचे हक्क सोडल्यावर १८१७ साली कंपनीने झाशीच्या रामचंद्ररावांशी तह केला. त्यात राज्य त्यांच्याकडे वंशपरंपरेने राहील असं मान्य केलं होतं. राणीचे पती गंगाधरराव यांचा स्वतःचा मुलगा काही महिन्यांचा होऊन गेला. त्यांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी, नोव्हेंबर १८५३ मध्ये, शास्त्रोक्त दत्तक घेतला, तोही कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या देखत. मूल त्याच कुळातलं, आनंदराव, नाव ठेवलं दामोदर. हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक पुत्र औरसाच्या जागी असतो. पण गव्हर्नर जनरल डलहौसीचं म्हणणं असं की झाशी हे आमच्या कृपेवर असलेलं मांडलिक राज्य, तिथे दत्तकाला गादी देणं न देणं आमच्या मर्जीवर. मुलाला बापाची खाजगी मालमत्ता मिळेल, राज्य मिळणार नाही. फेब्रुवारी १८५४ मध्ये त्याने निकाल दिला.

बाईंनी काय केलं? अर्ज केले. तहाचे दाखले दिले. जॉन लँग नावाचा वकील बोलावला. विलायतेपर्यंत दाद मागितली. पेन्शनमधून नवऱ्याची कर्जं वळती करायला निघाले तेव्हा हरकत घेतली. महालक्ष्मीच्या देवळाची गावं काढली, शहरात गोहत्या सुरू केली, त्यावरही अर्ज. चार वर्षं या बाई कायद्याच्या वाटेने चालल्या आणि प्रत्येक दार बंद झालं. जो राज्यकर्ता तलवार काढायच्या आधी हे सगळं करून पाहतो त्याच्या लढ्याला मी जास्त वजन देतो.

आणि राज्यासाठी लढणं म्हणजे कोणासाठी? झाशीतल्या विणकरांनी, कोरी समाजाने, पठाणांनी, मराठी भटभिक्षुकांनी तो तट लढवला. त्यांना कोणती गादी मिळणार होती?

शीवकरीण

रोखठोक, वकीलसाहेबांनी बरंच सांगितलं. मी एवढंच म्हणेन की मार्च ५८ मध्ये त्यांना पळून जाता आलं असतं. चंदेरी १७ मार्चला पडली होती, ह्यू रोज २१ तारखेला झाशीसमोर आला, मधले दिवस हातात होते. काल्पीला तात्या टोपे होते. शहर सोडलं असतं तर कोणी नावं ठेवली नसती. त्या थांबल्या. पत्रांबद्दल म्हणाल तर आपल्या रयतेवरचं संकट टळावं म्हणून राज्यकर्त्याने शेवटपर्यंत वाटाघाट करू नये का?

बुंदेली_माहेर

मी झाशीची. लग्न होऊन कांदिवलीला आले. आमच्या माहेरची मराठी तुम्हाला हसू येईल अशी हिंदी वळणाची, पण घरात हळदीकुंकू आणि गौरी आजही होतात. ज्या गणेश मंदिरात १८४२ मध्ये बाईसाहेबांचं लग्न लागलं ते अजून आहे.

किल्ल्यात शिरलात की कडकबिजली तोफ दिसते. आत गुलाम गौस खान, खुदाबक्ष आणि मोतीबाई यांच्या कबरी आहेत. गौस खान मुख्य गोलंदाज. आमच्याकडे लोक तिथे फूल ठेवतात, जातधर्म कोणी विचारत नाही. आणि झलकारीबाईंना विसरू नका. कोरी समाजातली बाई, राणीसारखी दिसणारी. तिने राणीचा वेश घेऊन इंग्रजांना झुलवलं असं आमच्याकडे प्रत्येक घरात सांगतात. कागदोपत्री पुरावा मागणाऱ्यांशी मी भांडत नाही. पण बायका लढल्या याची साक्ष शत्रूनेच दिली आहे. तोफखान्यावर काम करताना, दारूगोळा वाहताना बायका दिसल्याचं ह्यू रोजच्याच लिखाणात आहे.

किल्ल्यावरून घोड्यासकट उडी मारली ती जागा दाखवतात. तिथून खाली वाकून पाहिलं की पोटात गोळा येतो. जाणकार म्हणतात की त्या रात्री त्या दरवाजाने बाहेर पडल्या. मला दोन्ही चालतं. ४ एप्रिलच्या रात्री शत्रूचा वेढा फोडून, मुलाला घेऊन बाहेर पडणं हेच केवढं आहे.

घोडदळ_वाचक

थोडं युद्धाबद्दल, कारण वेढ्याचा तपशील या बाईंची खरी योग्यता दाखवतो.

दक्षिणेकडच्या तटाला तोफांनी खिंडार पडलं. झाशीकरांनी ते लाकडी खांबांची दुहेरी रांग रोवून, मधे माती भरून बंद केलं. डोक्यावर गोळे पडत असताना. इंग्रजांना ते लाकूड पेटवायला तापवून लाल केलेले गोळे मारावे लागले. १ एप्रिलला तात्या टोपे वीस हजारांवर माणसं घेऊन बेतवेकाठी आले. रोजने वेढा न उठवता दीडेक हजार माणसांनिशी त्यांना गाठलं आणि मोडलं. तटावरून झाशीकर मदतीची वाट पाहत होते. त्या दिवशी वेढ्यावर आतून जोराचा हल्ला का झाला नाही, हा प्रश्न मला नेहमी छळतो.

३ एप्रिलला शिड्या लावल्या. काही शिड्या आखूड पडल्या, काही मोडल्या. वरून गोळ्या, दगड, ओंडके. बॉम्बे इंजिनियर्सचे डिक आणि मायकलजॉन हे दोघे तरुण अधिकारी तटावर चढताना पडले. खिंडारातून दुसरी तुकडी आत घुसली म्हणून शहर गेलं. नंतर रस्त्यारस्त्यात, घराघरात लढाई. त्याच महिन्यात राणीचे वडील मोरोपंत तांबे यांना पकडून जोखनबागेत फाशी दिलं.

मग काल्पी. घोड्यावरून सुमारे शंभर मैल. ७ मेला कोंच, २२-२३ मेला काल्पी, दोन्हीकडे हार. आणि १ जूनला अचानक ग्वाल्हेर. जयाजीराव शिंद्यांची फौज उलटली, जयाजीराव आग्र्याला पळाले. एवढा किल्ला, एवढा खजिना हातात आला आणि रावसाहेब पेशवे ब्राह्मणभोजनं घालत बसले. फौज तयार करा, मोर्चे बांधा, हे सांगणाऱ्यांत राणी होत्या. कोणी ऐकलं नाही.

१७ जून, कोटा की सराय. ब्रिगेडियर स्मिथची तुकडी. ८व्या हुसार्स या गोऱ्या घोडदळाची एक स्क्वाड्रन (तुकडी) चालून गेली. त्या एका चढाईबद्दल चार व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याची सर्वोच्च ब्रिटिश पदकं, दिली गेली. त्याच गर्दीत, घोडेस्वाराच्या वेशातल्या राणी पडल्या. गोळी आधी की तलवार आधी, याबद्दल साक्षीदार वेगवेगळं सांगतात. इंग्रजी कागदांत १७ तारीख आहे, आपल्याकडे १८ जून पाळतात. ह्यू रोजने बंडवाल्यांमधली सर्वांत शूर आणि सर्वोत्तम सेनानी म्हणून त्यांचं नाव लिहून ठेवलं. जन्म १८२८चा धरला तर वय तिशीच्या आत. काही जण १८३५ धरतात, तर मग बावीस-तेवीस. माझी मुलगी त्या वयाची आहे.

गिरगावची_वहिनी

मुंबईत त्या वर्षी काय चाललं होतं तेही यात यावं. १८ जुलै १८५७ ला मुंबई विद्यापीठ स्थापन झालं, आणि १५ ऑक्टोबरला एस्प्लनेडवर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात, दोन शिपायांना तोफेच्या तोंडी दिलं. मरीन बटालियनचा ड्रिल हवालदार सय्यद हुसेन आणि १०व्या नेटिव्ह इन्फन्ट्रीचा शिपाई मंगल गडिया. दिवाळीत उठायचा बेत होता. सोनापूरच्या एका घरात बैठका होत, पोलीसप्रमुख चार्ल्स फॉर्जेटने त्यांचा माग काढला. बाकीच्या पलटणींना समोर रांगेत उभं करून ते दृश्य पाहायला लावलं. सीएसएमटीजवळचं अमर जवान स्मारक याच दोघांच्या स्मरणार्थ आहे. आपण त्याच्यासमोरून धावत लोकल पकडतो.

नाना शंकरशेटांवरही त्या वर्षी संशय घेतला गेला होता. मुंबई शांत होती असं जे म्हणतात, त्या शांततेखाली काय होतं ते यावरून कळतं.

घोडदळ_वाचक

वहिनी, १०व्या पलटणीचं नाव घेतलंत म्हणून सांगतो. कोटा की सरायला स्मिथच्या हाताखाली जी देशी पायदळ पलटण होती ती १०वी बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच. ज्या पलटणीच्या शिपायाला मुंबईत तोफेला बांधलं, तीच पलटण आठ महिन्यांनी राणीच्या शेवटच्या लढाईत समोर उभी होती.

केतकी_मुलुंड

हे वाचून थोडा वेळ काहीच सुचलं नाही.

दापोलीकर

कड पाहिली. नाव अर्धंच लागतं, पण पलटण स्पष्ट आहे: २५वी. म्हणजे झाशी.

घरात बोलणं झालं. धाकटा भाऊ म्हणाला, आता हे पूजेत ठेवायचं नाही. आई म्हणाली, ते पोटासाठी गेले होते, त्यांनी कोणाला लुटलं असेल नसेल आपल्याला काय ठाऊक, पण ते आपले आहेत. मला दोघांचंही पटतं. सध्या असं ठरलंय की पदक देवघरातून काढून बैठकीच्या खोलीत ठेवायचं, आणि शेजारी एका कागदावर पलटण, झाशी, ३ एप्रिल १८५८ हे सगळं लिहायचं. पुढच्या पिढीने "राणी सरकारने दिलं" एवढ्यावर थांबू नये.

रोखठोक_ठाणे

दापोलीकर, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. या पलटणींचे कागद पाहायला मिळतील का कुठे? मला यात उतरायचंय.

मोडीवाचक

काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे, मुंबई इलाख्याचे सरकारी कागद तिथे आहेत. आधी अर्ज करून परवानगी घ्यावी लागते, ओळखपत्र न्या. मोडी येत नसेल तरी इंग्रजी कागद पुष्कळ आहेत.

बुंदेली_माहेर

आणि ज्यांना जागा पाहायच्या आहेत त्यांनी सीएसएमटीहून पंजाब मेल पकडा. झाशी स्टेशनचं नाव आता वीरांगना लक्ष्मीबाई झाशी झालंय, तिकीट काढताना ते शोधा. आधी झाशी करा, मग त्याच मार्गावर पुढे ग्वाल्हेर. फूलबागेत समाधी आहे, आणि बाबा गंगादासांची शाळा, म्हणजे मठ, जिथे राणींना अग्नी दिला, तीही पाहा. जूनमध्ये ऊन सोसवत नाही, पण १८ जूनला जायचं असेल तर पहाटेच पोचा. दामोदररावांच्या वंशजांबद्दल कोणाला विचारायचं असेल तर एवढंच सांगते, तो मुलगा इंदूरला पेन्शनीवर राहिला आणि १९०६ मध्ये वारला. त्याच्यावर वेगळा धागा काढा, मी लिहीन.